अमेरिकेचा अपंगत्व लाभ पुण्यात राहून घ्यायचा असेल तर अर्ज कधी आणि कुठून करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 47. न्यू जर्सीत 17 वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी, अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे मार्च 2025 च्या मध्यापासून काम बंद. पत्नी भारतीय नागरिक, ग्रीन कार्डवर, लग्नानंतरची 12 वर्षं दोघं अमेरिकेतच. मुलगा 11 वर्षांचा, जन्म तिथलाच. आता पुण्याला आईवडिलांजवळ राहायला यायचं आहे. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी सामाजिक विम्याचा, अपंगत्वाचा पैसा भारतात मिळेल का, आणि अर्ज तिथून करावा की इथे येऊन घर लावल्यावर सावकाश करावा?

पैसा मिळेल का, याचं उत्तर हो असं आहे. सावकाश करण्याच्या बेताची मात्र मला काळजी वाटते. भारतात राहायला आल्यामुळे लाभ नाकारला गेला, असं पात्र अमेरिकन नागरिकाच्या बाबतीत होत नाही. नाकारला जातो तो तारखा उलटल्यामुळे, वैद्यकीय पुरावा अपुरा पडल्यामुळे किंवा आलेल्या पत्राला उत्तर न गेल्यामुळे. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा मांडतो: अमेरिका सोडण्यापूर्वी काय उरकायला हवं, आणि पुण्यात आल्यावर काय चालू ठेवायला हवं?

आधी दोन योजनांमधला फरक, कारण निम्मा गोंधळ तिथे होतो. एसएसडीआय हा तुमच्या पगारातून कापलेल्या सोशल सिक्युरिटी कराच्या बदल्यात मिळणारा विमा आहे. तो देशाबाहेर मिळतो. एसएसआय ही गरिबांसाठीची मदत आहे. सलग 30 दिवस किंवा एक पूर्ण कॅलेंडर महिना अमेरिकेबाहेर राहिलात की ती थांबते आणि परत जाऊन सलग 30 दिवस राहिल्याशिवाय सुरू होत नाही. भारतात राहून एसएसआय मिळवण्याचा कोणताही वैध मार्ग नाही. तुमचा पगार आणि नोकरीची वर्षं पाहता तुमचा विषय एसएसडीआयचा आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्याबद्दल. रकमा 2025 च्या आहेत; त्यांतल्या बहुतेक दर जानेवारीत बदलतात.

नागरिकत्वाचा मुद्दा तुमच्यापुरता सोपा आहे. अमेरिकन नागरिकाला एसएसडीआय भारतात कितीही वर्षं मिळू शकतो. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डाने त्यात काही बदलत नाही.

पण हे वाचणाऱ्यांत एच-1बी किंवा ग्रीन कार्डवरचे भारतीय नागरिकही असतील, त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे. अमेरिकन नागरिक नसलेल्या माणसाचा लाभ देशाबाहेर सहा पूर्ण कॅलेंडर महिने झाले की थांबतो आणि तो परत सुरू करायला अमेरिकेत एक अख्खा कॅलेंडर महिना राहावं लागतं. याला अपवाद आहेत, आणि भारतीय नागरिकांच्या कामाचा अपवाद हा: ज्याच्या कमाईवर लाभ मिळतो त्याची 40 क्रेडिट्स झालेली असतील किंवा तो अमेरिकेत एकूण 10 वर्षं राहिलेला असेल, तर लाभ भारतात चालू राहतो. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट्स मिळतात. 2025 मध्ये एका क्रेडिटला 1,810 डॉलर कमाई लागत होती. म्हणजे साधारण 10 वर्षांची नोकरी. सात वर्षं एच-1बीवर काम करून आजारपणामुळे परतलेला माणूस एसएसडीआयला पात्र ठरू शकतो, पण भारतात आल्यावर सहा महिन्यांनी त्याचा पैसा बंद होतो. विद्यार्थी म्हणून एफ-1 व्हिसावर किंवा ओपीटीवर (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) असताना बहुतेकांचा सोशल सिक्युरिटी कर कापलेलाच नसतो, त्यामुळे ती वर्षं क्रेडिट्समध्ये धरू नका. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर परदेशी पेमेंट तपासण्याचं एक साधन आहे. त्यात आपलं नागरिकत्व आणि देश घालून पाहावं, दोन मिनिटांत कळतं.

आता तारखांकडे येतो, कारण तुमचं नुकसान झालं तर ते इथेच होईल.

पहिली तारीख विमा संपण्याची. एसएसडीआयसाठी नुसती एकूण क्रेडिट्स पुरत नाहीत. शेवटच्या 40 तिमाह्यांपैकी 20 तिमाह्यांची क्रेडिट्स लागतात. काम थांबलं की हे गणित दर तिमाहीला ढासळत जातं आणि साधारण पाच वर्षांनी विमा संपतो. तुम्ही मार्चपर्यंत कमावलेल्या पगारावर 2025 ची चारही क्रेडिट्स झाली असणार, म्हणजे तुमचा विमा 31 डिसेंबर 2030 पर्यंत आहे असं धरून चाला, पण कार्यालयाकडून ही तारीख लेखी घ्या. या तारखेच्या आत तुम्ही अपंग झाला होतात हे सिद्ध व्हावं लागतं. पुण्यात येऊन एखाद्या भारतीय कंपनीत थोडं काम केलंत तरी ही तारीख पुढे सरकत नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नाही. जर्मनी, जपान, कॅनडा अशा देशांशी भारताचे करार आहेत, अमेरिकेशी नाही. इथे कापलेला प्रॉव्हिडंट फंड तिथे मोजला जात नाही.

दुसरी तारीख अर्जाची. अपंगत्व सुरू झाल्यावर पाच पूर्ण महिने काही मिळत नाही. तुमचं काम मार्चच्या मध्यात थांबलं असेल तर एप्रिल ते ऑगस्ट हे ते पाच महिने, आणि हक्क सप्टेंबर 2025 पासून. ज्या महिन्याचा हक्क, त्याचा पैसा पुढच्या महिन्यात येतो. मागची थकबाकी मात्र अर्जाच्या तारखेपासून फक्त 12 महिने मागे जाऊन मिळते. समजा तुमचा मासिक लाभ 2,400 डॉलर आहे आणि पुण्यात घर, शाळा, डॉक्टर यांत दोन वर्षं जाऊन तुम्ही नोव्हेंबर 2027 मध्ये अर्ज केलात. तर पैसा नोव्हेंबर 2026 पासूनचा मिळेल. सप्टेंबर 2025 ते ऑक्टोबर 2026 हे 14 महिने, म्हणजे 33,600 डॉलर, कायमचे गेले. अपील करूनही ते परत येत नाहीत.

म्हणून अर्ज आत्ता, अमेरिकेत असतानाच करा. याला दुसरंही कारण आहे. तिथे असताना तुमच्या फाइलचा वैद्यकीय निर्णय राज्याच्या कार्यालयात होतो. ते तुमच्या सहीच्या संमतिपत्रावर, म्हणजे एसएसए-827 वर, रुग्णालयांकडून नोंदी स्वतः मागवतात. कमी पडलं तर स्वतःच्या खर्चाने तपासणीला पाठवतात. भारतातून अर्ज केलात तर तो परदेशातल्या एखाद्या अमेरिकन दूतावासातल्या फेडरल बेनिफिट्स युनिटमार्फत जातो आणि वैद्यकीय निर्णय बाल्टिमोरच्या आंतरराष्ट्रीय विभागात होतो. मार्ग वैध आहे, माणसं मदतही करतात, पण प्रत्येक फेरी लांबते.

शक्य असेल तर पहिला निर्णय येईपर्यंत तिथेच थांबा. सहा-आठ महिने सहज जातात हे मला ठाऊक आहे, आणि घरभाडं, काळजी घेणारं माणूस, विम्याचा हप्ता हे सगळं बघता थांबणं परवडेलच असं नाही. हे तुमच्या परिस्थितीवर आहे. थांबता येत नसेल तर अर्ज भरून, तपासणीची तारीख आली असेल तर ती उरकून, मग निघा. अर्ज चालू असताना परदेशी गेल्याने तो रद्द होत नाही. फाइल हलते आणि वेळ लागतो. निघताना एसएसए-21 हा देशाबाहेर जाणाऱ्यांसाठीचा पुरवणी फॉर्म भरून द्या.

आता पुराव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पेशातल्या माणसाची फाइल इथेच अडते. सोशल सिक्युरिटीची व्याख्या कडक आहे: किमान 12 महिने टिकेल किंवा मृत्यू ओढवेल असा आजार, आणि त्यामुळे कोणतंही भरीव काम अशक्य. भरीव म्हणजे 2025 मध्ये महिन्याला 1,620 डॉलरच्या वर कमाई, अंध व्यक्तीसाठी 2,700. अंशतः अपंगत्वाला इथे जागा नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसची नोंद त्यांच्या आजारांच्या यादीत 11.09 या क्रमांकाखाली आहे. तिथे दोन वाटा आहेत. एक, दोन हातापायांवरचं नियंत्रण इतकं बिघडलेलं की उठणं, तोल सांभाळणं किंवा हात वापरणं जवळजवळ अशक्य. दुसरी, शारीरिक क्षमतेत ठळक घट आणि त्यासोबत समजणं-लक्षात ठेवणं, लोकांशी वागणं, एकाग्रता व गती, किंवा स्वतःला सांभाळणं यांपैकी एकात ठळक घट.

सॉफ्टवेअरवाल्याला पहिलं उत्तर बहुतेक वेळा असं येतं की तुम्ही बसून करायचं काम करू शकता. एमआरआयमध्ये डाग दिसतात एवढ्याने ते उत्तर खोडलं जात नाही. खोडलं जातं ते थकवा, बोटांची बधिरता, दृष्टी, विसरभोळेपणा आणि महिन्यातून किती दिवस काम चुकेल, यांच्या नोंदींनी. तुम्हाला स्मरण-एकाग्रतेचा त्रास असेल तर तिथला आरोग्य विमा चालू असतानाच न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या. चार-पाच तासांची मोजमापाची चाचणी असते, आणि तिचा अहवाल एमआरआयइतकाच किंवा त्याहून जास्त उपयोगी पडतो.

न्यूरॉलॉजिस्टकडून "कामास असमर्थ" अशी एका ओळीची चिठ्ठी घेऊ नका. ते ठरवण्याचा अधिकार सोशल सिक्युरिटी स्वतःकडे ठेवते, त्यामुळे तिला वजन नाही. डॉक्टरांना हे लिहायला सांगा: एका वेळी किती मिनिटं बसता येतं, आठ तासांत एकूण किती; किती वेळ उभं राहता येतं; 10 पौंड उचलता येतात का आणि किती वेळा; सलग किती मिनिटं टाइप करता येतं; दुपारी आडवं व्हावं लागतं का आणि किती वेळ; महिन्यात अंदाजे किती दिवस गैरहजेरी; आणि हे सगळं कोणत्या तारखेपासून. ही सुरुवातीची तारीख अनेक डॉक्टर लिहायला विसरतात. ती नसेल तर हक्काची सुरुवात पुढे ढकलली जाते.

अर्जाचे कागद फार नाहीत. एसएसए-16 हा मुख्य अर्ज, एसएसए-3368 आजाराचा तपशील, एसएसए-3369 कामाचा इतिहास, आणि दैनंदिन हालचालींबद्दलचा एसएसए-3373. कामाचा इतिहास जून 2024 पासून मागच्या पाच वर्षांचाच विचारात घेतात. पूर्वी 15 वर्षांचा घेत. 3373 भरताना आपली माणसं चांगल्या दिवसाचं वर्णन लिहितात. "स्वयंपाकात मदत करतो" असं लिहिलं की तपासणारा माणूस त्याला तासभर उभं राहण्याची क्षमता समजतो. बसून दोन कांदे चिरतो आणि मग अर्धा तास पडून राहतो, असं असेल तर तसंच लिहा.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत, टपालाचे पाच दिवस जास्तीचे धरून, अपील करावं लागतं. नव्याने अर्ज करत बसू नका. अपील केल्याने जुनी तारीख शाबूत राहते. वकील घेतलात तर सर्वसाधारण करारात त्यांची फी थकबाकीच्या 25 टक्के, आणि 2025 मध्ये कमाल 9,200 डॉलर. आगाऊ फी मागणारा माणूस टाळा.

पुण्यात आल्यावर पुराव्याची पद्धत उलटी होते. अमेरिकेत नोंदी रुग्णालयाकडे असतात. आपल्याकडे केसपेपर आणि फाइल रुग्णाच्या हातात असते, आणि ओपीडीचा कागद हरवला तर त्याची दुसरी प्रत बहुतेक ठिकाणी मिळत नाही. सोशल सिक्युरिटीने भारतातल्या क्लिनिकला पाठवलेलं संमतिपत्र अनेकदा उत्तराविनाच राहतं. म्हणून प्रत्येक भेटीचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल, औषधांची बिलं त्याच दिवशी स्कॅन करून तारखेच्या क्रमाने ठेवा. न्यूरॉलॉजिस्टकडे तीन-चार महिन्यांनी जात राहा, बरं वाटत असलं तरी. वर्षभर एकही नोंद नसेल तर तपासणाऱ्याला वाटतं की त्रास कमी झाला. मराठीतला एखादा कागद असेल तर भाषांतरावर पैसे घालवू नका; सोशल सिक्युरिटी भाषांतर स्वतः करून घेते.

यूडीआयडीबद्दल, म्हणजे भारत सरकारच्या अपंगत्व ओळखपत्राबद्दल, नेहमी विचारलं जातं. जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयातून मिळालेलं 40 किंवा 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र सोशल सिक्युरिटीवर बंधनकारक नसतं. ते शरीराची हानी मोजतं, इथे प्रश्न काम करण्याच्या क्षमतेचा असतो. त्यामागच्या तपासण्यांचे कागद मात्र जोडावेत, ते विचारात घेतले जातात.

लाभ सुरू झाला की तो टिकवण्याचं काम सुरू होतं. परदेशात राहणाऱ्यांना सोशल सिक्युरिटी एसएसए-7162 नावाची प्रश्नावली पाठवते, उन्हाळ्याच्या सुमारास, काहींना दरवर्षी, काहींना एक वर्षाआड. तुमच्या मुलाच्या पैशासाठी, तो दुसऱ्याच्या नावे स्वीकारला जात असल्याने, एसएसए-7161. पत्ता, काम, लग्न, जिवंत असणं, एवढंच विचारतात. उत्तर गेलं नाही तर स्मरणपत्र येतं आणि त्यानंतर पैसा थांबतो. भारतात लाभ बंद पडण्याचं मी पाहिलेलं सर्वांत सामान्य कारण हेच आहे: पत्र सोसायटीच्या टपालपेटीत हरवलं किंवा जुन्या पत्त्यावर गेलं. पत्त्यात इमारत, विंग, पिनकोड आणि मोबाइल नंबर व्यवस्थित घाला. फॉर्म संकेतस्थळावरही असतो, जुलैपर्यंत पत्र आलं नाही तर स्वतः विचारा.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या भावाचा पत्ता देऊन ठेवायचा आणि भारतात राहतो हे कळवायचंच नाही, असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. नागरिकाला एसएसडीआय भारतात मिळतोच, मग लपवून काहीच साधत नाही. उलट फेरतपासणीचं पत्र भावाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतं आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो.

फेरतपासणी सगळ्यांची होते. सुधारणा अपेक्षित असेल तर सहा ते 18 महिन्यांत, शक्य असेल तर साधारण तीन वर्षांनी, अपेक्षित नसेल तर पाच ते सात वर्षांनी. एसएसए-455 हा दोन पानी फॉर्म आला तर सोपं. एसएसए-454 आला तर पूर्ण तपासणी. वर सांगितलेली स्कॅन केलेली फाइल तेव्हा कामी येते.

भारतात केलेलं कामही कळवावं लागतं. मित्राच्या कंपनीला आठवड्यातून चार तास सल्ला, घरच्या दुकानात गल्ल्यावर बसणं, क्लास घेणं, हे सगळं काम आहे, मोबदला मिळो न मिळो. रुपयांतली कमाई डॉलरमध्ये करून मोजतात. 2025 मध्ये ज्या महिन्यात 1,160 डॉलरच्या वर गेलात तो महिना काम करून पाहण्यासाठी दिलेल्या चाचणीच्या नऊ महिन्यांत धरला जातो. कमाई कमी आहे म्हणून कळवलं नाही, हे कारण चालत नाही.

पत्नी आणि मुलाचं पाहू. मूल 16 वर्षांखालचं असून तिच्या सांभाळात आहे म्हणून पत्नीला, आणि मुलाला 18 पर्यंत (शाळेत पूर्णवेळ असेल तर 19 पर्यंत) लाभ आहे. मूळ हिशेबाने प्रत्येकी तुमच्या रकमेच्या निम्मे, पण कुटुंबाची कमाल मर्यादा आडवी येते. अपंगत्वाच्या बाबतीत ती तुमच्या रकमेच्या दीडपटीच्या वर जात नाही. 2,400 डॉलरच्या उदाहरणात कुटुंबाला जास्तीत जास्त 3,600, म्हणजे त्या दोघांत 1,200, प्रत्येकी 600. तुमच्या रकमेतून काही कापलं जात नाही. पत्नी अमेरिकन नागरिक नाही, म्हणून तिला आणखी एक अट आहे: तुमची पत्नी या नात्याने अमेरिकेत पाच वर्षं वास्तव्य. तुमची 12 झाली आहेत. सहा महिन्यांचा नियमही तिला अडवत नाही, कारण ती भारतीय नागरिक आहे आणि तुमची 40 क्रेडिट्स केव्हाच झाली आहेत.

तिने पुण्यात नोकरी धरली तर मात्र एक नियम लक्षात ठेवा. अमेरिकेबाहेर, सोशल सिक्युरिटी कर न भरता, महिन्यात 45 तासांहून जास्त काम केलं की त्या महिन्याचा तिचा लाभ जातो. पगार किती हे बघत नाहीत. पाच हजार रुपयांसाठी 50 तास शिकवलं तरी महिना गेला. तुमच्या आणि मुलाच्या रकमेला याने धक्का लागत नाही.

तिच्या ग्रीन कार्डचाही विचार निघण्यापूर्वी करा. वर्षभराहून जास्त बाहेर राहिली तर ते टिकवणं कठीण होतं, आणि रीएन्ट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवानगीचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. लाभासाठी ग्रीन कार्ड लागत नाही, पण ते सोडून ती कराच्या दृष्टीने अनिवासी परदेशी झाली की तिच्या रकमेच्या 85 टक्क्यांवर 30 टक्के, म्हणजे एकूण 25.5 टक्के कर आधीच कापला जातो. 600 पैकी 447 हातात येतील. ती नागरिकत्वाला पात्र असेल तर ते घेऊन निघावं की नाही, हा निर्णय फक्त या पैशावर घेऊ नका. भारतातली मालमत्ता, तिचे आईवडील, पुढची नोकरी हे सगळं त्यात येतं.

तुमच्या स्वतःच्या कराबद्दल थोडक्यात. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम 20 नुसार सोशल सिक्युरिटीवर कर लावण्याचा हक्क फक्त अमेरिकेला आहे. भारतात विवरणपत्रात ती रक्कम करारानुसार करमुक्त म्हणून दाखवावी. हे काम असा करार हाताळलेल्या सीएकडूनच करून घ्या. अमेरिकेत नागरिक म्हणून विवरणपत्र चालूच राहतं. पती-पत्नीने विवरणपत्र वेगवेगळं भरलं आणि एकत्र राहत असाल तर करमाफीची किमान मर्यादा शून्य होते, आणि मग लाभाचा 85 टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र ठरतो. एकत्र भरलं तर ती 32,000 डॉलर, आणि तिच्यात लाभाची निम्मी रक्कमच मोजतात. भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर शिल्लक गेली तर एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देण्याचा फॉर्म) भरायला विसरू नका. भारतीय पेन्शनमुळे सोशल सिक्युरिटी कमी होते असं जुन्या लेखांत वाचाल. ती कपात जानेवारी 2025 च्या कायद्याने रद्द झाली आहे.

पैसा घ्यायला अमेरिकेतलं बँक खाते चालू ठेवणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं. कागदी धनादेश 30 सप्टेंबर 2025 पासून जवळपास बंदच केले आहेत. परत आलेल्या माणसाला ते परदेशी खाते फेमाच्या (भारताच्या परकीय चलन कायद्याच्या) कलम 6(4) खाली ठेवता येतं. एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खाते मात्र बदलून घ्यावं लागतं. निघण्यापूर्वी सोशल सिक्युरिटीचं ऑनलाइन खाते उघडा, आणि लॉगिनची पडताळणी एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा. न्यू जर्सीचा फोन नंबर बंद पडला की एसएमएसवाल्याला आपल्याच खात्यात शिरता येत नाही, आणि भारतातून ओळख नव्याने सिद्ध करणं फार त्रासाचं आहे. तुमच्या आजारात पुढे व्यवहार सांभाळणं जड जाऊ शकतं, म्हणून हेही सांगतो: कुलमुखत्यारपत्र सोशल सिक्युरिटी मानत नाही. तुमच्या वतीने पैसा घ्यायला सोशल सिक्युरिटीने स्वतः नेमलेला प्रतिनिधी लागतो. त्यासाठी पत्नीचं नाव तुम्ही आताच आगाऊ सुचवून ठेवू शकता.

मेडिकेअर हा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा हक्काच्या 24 महिन्यांनंतर, म्हणजे तुम्हाला सप्टेंबर 2027 पासून मिळेल. ते भारतातल्या उपचारांना लागू नाही. त्यातला पार्ट ए (रुग्णालयातल्या उपचारांचा) फुकट असतो, तो राहू द्या. पार्ट बीचा (डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवेचा) हप्ता 2025 मध्ये महिन्याला 185 डॉलर, वर्षाला 2,220. उपचारासाठी अमेरिकेला जाण्याचा खरा बेत नसेल तर मी तो घ्यायला सांगत नाही. उशिरा घेतल्यास दर 12 महिन्यांमागे 10 टक्के दंड लागतो, पण वय 65 झाल्यावर नव्याने नोंदणीची संधी मिळते आणि तो दंड तिथे पुसला जातो.

तुमच्या प्रश्नात एका गोष्टीचा उल्लेख नाही: कंपनीचा दीर्घ मुदतीचा खाजगी अपंगत्व विमा होता का? असेल तर पॉलिसीतलं देशाबाहेर राहण्याबद्दलचं कलम तिकीट काढण्यापूर्वी वाचा. बऱ्याच पॉलिसी अमेरिकेबाहेर काही महिने राहिल्यावर पैसा थांबवतात, आणि ती रक्कम एसएसडीआयपेक्षा मोठी असू शकते. शिवाय एसएसडीआयची थकबाकी आली की विमा कंपनी तेवढी रक्कम परत मागते, म्हणून ती आल्या आल्या खर्च करू नका. हे कलम आणि एसएसडीआयचा विमा संपण्याची तुमची लेखी तारीख, दोन्ही इथे लिहिलीत तर निघण्याचा महिना कोणता धरावा हे नेमकं सांगता येईल.